आरपार

खोकं तसं लहानच.
उजव्या भिंतीतून कण बाहेर पडला
की डाव्या भिंतीतून आत येतो;
बाहेर असं काही ठेवलेलंच नाही आम्ही.
आत दोनशे कड्या, मण्यांच्या, बंद,
टोक नसलेल्या रेणूंच्या माळा,
दाटीवाटीने सोडलेल्या.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
आम्ही जाळत नाही, नुसतं तापवतो
आणि पीळ किती वेळाने सैल होतो ते मोजतो.
नियम एकच:
दोऱ्यातून दोरा आरपार जाणार नाही.

तीन वर्षं हे चाललंय
ल्युब्लियानाच्या या तळघरात, जिथे पंख्यांच्या घरघरीत
बोलायचं तर कानाशी जावं लागतं.
यंत्र आठवडाभर राबतं
तेव्हा आत सेकंदाचा दशलक्षांश सरतो.
तेवढ्यात माझ्या घरी दूध नासतं,
विजेचं बिल येतं.

मंगळवारी गाश्पर जिन्यातच भेटला,
कोट अंगात, मफलर हातात.
म्हणाला, सात कड्या अडकल्यात.
कशात?
एकमेकींत. साखळीसारख्या.
मी हसले.
सुरुवातीला एकही दुसरीत ओवलेली नव्हती,
आणि बंद कडी बंद कडीत शिरायची
तर कुणीतरी कुणालातरी
कापून जायला हवं.

शोधलं. चार कोटी अकरा लाखाव्या पावलाला
एक मणी जरा जोरात फेकला गेला
आणि त्याचं पुढचं पाऊल पडलं ते पलीकडे.
मधला दोरा त्याला लागलाच नाही,
कारण दोन पावलांच्या मधलं
आम्ही कधी मोजतच नव्हतो.
पाऊल मीच ठरवलेलं. थोडं लांब.
अनुदान संपायच्या आत पोचायचं होतं.

शनिवारी इद्रियाला गेले.
आई लेस विणत होती, गोल उशीवर
टाचण्यांचं रान, चौदा जोड फिरक्या,
डावीवर उजवी, मग पीळ, मग टाचणी.
लाकडावर लाकूड वाजतं.
बाबांची पाऱ्याची खाण बंद झाली
त्या वर्षी घर याच आवाजावर चाललं;
मला अजून त्याने झोप येते.

तिला सांगितलं. म्हणजे प्रयत्न केला.
छापलाय का तो लेख?
छापलाय.
कुणी वापरला?
एकोणीस जणांनी.
ती काही बोलली नाही.
चष्मा कपाळावर सारून
आपलंच काम बघत राहिली, वीत दीड वीत मागे,
आणि नखाने एक जागा दाखवली
जी मला दिसली नाही.
गुरुवारची आहे, म्हणाली,
आणि टाचण्या उपसायला लागली.

उलटं विणणं मी पहिल्यांदा नीट पाहिलं.
आधी पीळ उलगडायचा, मग उजवीखालून डावी काढायची,
दोरा ज्या वाटेने आला
त्याच वाटेने परत न्यायचा.
कात्री ड्रॉवरमध्येच राहिली.
गुरुवार गाठायला साडेतीन तास लागले.
मी म्हटलं, कुणाला दिसणार होतं ते?
ती म्हणाली, दिवा जरा इकडे कर.

रविवारी रात्री संपादकांना पत्र लिहिलं,
आठ ओळींचं. मग एकोणीस जणांना, एकेकाला.
ओसाकाच्या बाईंचं उत्तर लगेच आलं:
आम्हालाही शंका होती,
पण आकडे तुमच्याशी जुळत होते.
ते वाक्य मी अजून पुसलेलं नाही.

सोमवारी पाऊल निम्मं केलं.
म्हणजे आता आठवड्याला अर्धाच दशलक्षांश.
गाश्परचं वर्ष गेलं. त्याने शिव्या घातल्या;
आमच्या भाषेत पुरेशा नाहीत म्हणून
सर्बियनमधून उसन्या आणून घातल्या.
मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला.

पडद्यावर दोन कड्या जवळ आल्या,
एक निळी, एक तपकिरी.
चिकटल्या. थरथरल्या.
निळी वाकली, पार दुमडेपर्यंत वाकली.
गाश्परने मफलरचं टोक दातात धरलं होतं.

अडली.